शनिवार तेल्यांच्या घरातून: तोरा, सण आणि तुमचे प्रश्न

मागच्या अंकात बेने इस्राएल, म्हणजे आम्हा कोकणातल्या ज्यूंच्या समाजावर लेख आला होता, नवगावच्या किनाऱ्यावर फुटलेलं जहाज, त्यातून वाचलेली सात जोडपी, शनिवारी घाणा बंद म्हणून लोकांनी ठेवलेलं 'शनिवार तेली' हे नाव, पेणकर-दिवेकर-केहिमकर ही गावावरून आलेली आडनावं वगैरे. त्यानंतर एवढे प्रश्न आले की संपादकांनी गठ्ठाच माझ्याकडे पाठवून दिला, म्हणाले तुम्हीच निस्तरा. आधीच सांगते, मी रब्बी (धर्मगुरू) नाही, हझान (प्रार्थना म्हणणारा) तर नाहीच. शब्बाथला, म्हणजे शनिवारच्या विसाव्याच्या दिवशी, सिनेगॉगमध्ये (आमच्या प्रार्थनाघरात) बायकांच्या बाजूला बसते आणि त्या आठवड्याचा पाठ मराठीतून वाचते, एवढीच माझी पात्रता. तोरा म्हणजे मोशेची पाच पुस्तकं, मराठीत उत्पत्ती, निर्गम, लेवीय, गणना आणि अनुवाद, त्याचे 54 भाग पाडलेत आणि वर्षभरात ते वाचून होतात, मग पुन्हा पहिल्यापासून. आता प्रश्न घेऊ.

प्रश्न: ताई, मी आयटीत आहे. रविवारी मोबाईल बंद ठेवायचा असं दर आठवड्याला ठरवतो पण सकाळी दहा-अकराला हात जातोच. तुमच्यात पंचवीस तास सगळं बंद असतं म्हणे. ते कसं जमतं, श्रद्धा असावी लागते का त्याला? (नाशिक)

उत्तर: श्रद्धेचं नंतर बघू हो, आधी तयारीचं बघा. शब्बाथ शुक्रवारी सूर्य मावळायच्या आधी दिवे लावून सुरू होतो आणि शनिवारी आभाळात तीन तारे दिसले की संपतो, आणि ही वेळ छापील कॅलेंडरमध्ये मिनिटासकट दिलेली असते, तुमच्या मूडवर काहीच ठेवलेलं नाही. शुक्रवारी दुपारपर्यंत स्वयंपाक उरकलेला, काळ्या मनुका भिजवून किद्दूशचं, म्हणजे शब्बाथच्या आशीर्वादाचं, सरबत गाळून ठेवलेलं (कोकणात वाइन कुठून आणणार, म्हणून आमच्या लोकांनी हे सरबत धरलं ते आजतागायत), आंघोळी झालेल्या. जे करायचं ते आधीच करून झालंय म्हणून हात जात नाही. तुम्ही रविवारी सकाळी उठून ठरवता, शनिवारी संध्याकाळी काहीच आवरलेलं नसतं, मग बिल भरायचं राहिलं, तिकीट काढायचं राहिलं, घेतला फोन.

निर्गमच्या सोळाव्या अध्यायात याची फार मजेशीर गोष्ट आहे. मोशेच्या मागे इजिप्तच्या गुलामीतून सुटलेले लोक रानात, खायला काही नाही, तेव्हा आकाशातून मान्ना पडायचा. रोज माणशी एक ओमेर (एक माप) गोळा करायचा, शुक्रवारी दुप्पट, शनिवारी पडणार नाही हे स्पष्ट सांगितलेलं. तरी शनिवारी काही जण बाहेर पडलेच शोधायला! मिळाला नाहीच. तर रविवारी अकरा वाजता मोबाईल उघडून बघणारे तुम्ही काही पहिले नाही, तीन हजार वर्षांपासून तुमची माणसं आहेत.

दुसरं असं की शब्बाथला काय करायचं नाही याची यादी आहे, 39 कामांची. पेरणी, कापणी, मळणी, दळणं, शिवणं, लिहिणं, विस्तव पेटवणं, विझवणं असं एकेक. "मन शांत ठेवा" हे त्यात कुठेच नाही. मन कसं का असेना, तुम्ही लिहायचं नाही, बस. मला तोरातलं हेच आवडतं, ती भावना विचारत नाही, काम सांगते. तुम्हीही "स्क्रीन टाइम कमी" असलं गुळमुळीत ठरवू नका, "शनिवारी रात्री आठ ते रविवारी रात्री आठ फोन कपाटात" असं ठरवा आणि कुणाला तरी सांगून ठेवा.

आणि एक जे बहुतेक जण विसरतात. अनुवादमध्ये दहा आज्ञा परत येतात तेव्हा शब्बाथच्या आज्ञेत लिहिलंय की तू नाही, तुझा नोकर नाही, तुझा बैल नाही, गाढव नाही, तुझ्या दारातला परका माणूसही नाही, सगळ्यांनी विसावा घ्यायचा. म्हणजे तुम्ही मोबाईल बंद करून सोफ्यावर पडणार आणि कामवाल्या बाईंना रविवारी एक्स्ट्रा भांडी घासायला बोलावणार, तर तो शब्बाथ नव्हे, नुसती सुट्टी. हां, जीवावर बेतलं असेल तर सगळे नियम बाजूला, त्यात आमच्यात दुमत नाही. ऑन कॉल असाल तर फोन चालू ठेवा, अपराधी वाटून घेऊ नका.

प्रश्न: आमच्या सासरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमध्ये एका जावेबद्दल सतत काहीबाही चालू असतं. मी लिहीत नाही पण वाचते. शिवाय जे बोलतात ते खरंच असतं. मग त्यात चूक काय? (पुणे)

उत्तर: खरं असतं म्हणूनच चूक. खोटं बोललात तर ती बदनामी, तिचा गुन्हा वेगळा. आमच्याकडे ज्याला लाशोन हारा म्हणतात ते म्हणजे खरंच पण कुणाला कमीपणा आणणारं बोलणं, आणि रब्बी सांगतात की त्यात तिघं जातात, बोलणारा, ऐकणारा आणि ज्याच्याबद्दल बोललं तो. तुम्ही दुसऱ्या नंबरवर आहात.

गणनाच्या बाराव्या अध्यायात मिर्याम आपल्या भावाबद्दल, मोशेबद्दल, त्याच्या बायकोवरून बोलते. मिर्याम कोण, तर मोशे तान्हा असताना टोपलीत घालून नदीत सोडला तेव्हा काठावर उभी राहून त्याच्यावर लक्ष ठेवणारी बहीण, समुद्र ओलांडल्यावर डफ घेऊन बायकांना नाचवणारी. परकी कुणी नव्हे, घरातलीच, प्रेम करणारी. आणि बोलली तेही दुसऱ्या भावाशी, अहरोनशी. फॅमिली ग्रुपच की हा. तिला कोड फुटलं, सात दिवस छावणीबाहेर राहावं लागलं. मोशेने काय केलं, तर तिच्यासाठी प्रार्थना, मूळ हिब्रूत फक्त पाच शब्दांची, देवा तिला बरं कर एवढीच. लेक्चर नाही, "बघ मी म्हटलं नव्हतं" नाही. आणि सगळ्यात भारी गोष्ट म्हणजे लाखो लोक, तंबू, गुरंढोरं, सगळा तळ सात दिवस हलला नाही, ती परत येईपर्यंत. म्हणजे शिक्षा तर झाली पण तिला मागे टाकून कुणी गेलं नाही.

तुम्ही काय करायचं? ग्रुपमधून बाहेर पडलात तर त्याच्यावरच चार दिवस चर्चा होईल, ते नको. म्यूट करा, आणि कुणी थेट तुम्हाला विचारलं की "तुला काय वाटतं गं तिचं" तर विषय बदला, भाजीवर या. एक अपवाद ध्यानात ठेवा. कुणाचं लग्न ठरतंय किंवा कुणी पार्टनरशिपमध्ये पैसे घालतंय आणि तुम्हाला समोरच्याची गंभीर गोष्ट पक्की माहीत आहे, तर तिथे गप्प बसणं हा दोष, तिथे सांगायचं, पण जेवढं लागतं तेवढंच आणि ज्याला लागतं त्यालाच.

प्रश्न: वडील गेल्यापासून आई माझ्याकडे असते. तिला पेन्शन आहे. भाऊ म्हणतो तिच्या पेन्शनमधूनच तिचा खर्च कर, वर तो दरमहा काही रक्कम पाठवतो पण महिनोन्‌महिने फोन करत नाही. आईच्या पैशाला हात लावायची मला लाज वाटते, आणि खरं सांगू का, आता मी थकलेय. तुमच्या धर्मात 'आईबापांचा मान राख' ही आज्ञाच आहे ना, मग काय सांगाल? (लातूर)

उत्तर: तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. पैशाचं आधी सांगते कारण त्यावर तालमूदमध्ये, म्हणजे रब्बींच्या चर्चांच्या ग्रंथात, अगदी हाच वाद झालाय. आईबापांना खाऊ घालायचं ते कोणाच्या खर्चाने? एक रब्बी म्हणाले मुलाच्या, दुसरे म्हणाले बापाच्या. शेवटी निकाल लागला तो असा की आईबापांकडे असेल तर त्यांच्याच पैशातून, मुलाने द्यायचा तो वेळ आणि कष्ट, त्यापायी त्याचा कामाचा दिवस बुडाला तरी. त्यांच्याकडे काहीच नसेल तर मात्र मुलाने खिशातून द्यायचं. तेव्हा आईची पेन्शन आईवर खर्च करा, बिनदिक्कत, लाजायचं काही कारण नाही. एक वही ठेवा हिशोबाची, नंतर भावंडांत बोलाचाली नको.

आता भाऊ. मान राखणं म्हणजे नक्की काय हे रब्बींनी तोडून सांगितलंय. खाऊ घालणं, पाणी देणं, कपडे घालणं, पांघरूण घालणं, हाताला धरून आत आणणं, बाहेर नेणं. झाली यादी. यात पैसे पाठवणं कुठे दिसतंय का बघा! पैसे पाठवतो ते चांगलंच आहे, नाही म्हणत नाही मी, पण त्याने आज्ञा पाळल्यासारखं होत नाही. त्याला सांगा वर्षातून पंधरा दिवस येऊन राहा आणि आईला दवाखान्यात घेऊन जा. "आईशी प्रेमाने वाग" असं सांगू नका, वाद होईल. "12 तारखेला डोळ्यांच्या डॉक्टरची अपॉइंटमेंट आहे, तू ने" असं सांगा. तारीख दिली की माणूस एकतर येतो नाहीतर नाही म्हणतो, दोन्हीत निदान काय ते कळतं.

तालमूदमध्ये एक फार कडू गोष्ट आहे. एक मुलगा बापाला रोज पक्ष्यांचं ताजं मांस खाऊ घालायचा. बापाने एकदा विचारलं, बाळा हे कुठून आणतोस रे? तर म्हणाला, म्हाताऱ्या, गप गिळ, तुला काय करायचंय. आणि दुसरा एक, चक्कीवाला. राजाकडून फर्मान आलं, प्रत्येक घरातला एक माणूस वेठीला. तो बापाला म्हणाला, बाबा, तुम्ही इथे माझ्या जागी जात्यावर बसा, वेठीला मी जातो, तिथे मारझोड झाली तर मला होऊ दे. पहिला नरकात गेला आणि बापाला जात्याला जुंपणारा स्वर्गात. मी हे का सांगतेय, तर शेजारीपाजारी कोण आईला काय खाऊ घालतं ते बघतात, कसं घालतं ते तुम्हाला आणि आईलाच माहीत. अधूनमधून वैतागून बोलला असाल तर बोललात, पण तुम्ही 'गप गिळ'वाल्या नाही, पत्रावरूनच कळतं.

आणखी एक माणूस, दामा बेन नेतिना नावाचा, अश्केलोनचा. ज्यू नव्हता बरं का, तरी आईबापांचा मान कसा राखावा याचं उदाहरण म्हणून रब्बी त्याचंच देतात. याजकाच्या वस्त्रासाठी एक रत्न हवं होतं, ते त्याच्याकडे होतं, गिऱ्हाईक दारात, नफा लाखोंचा, पण पेटीची किल्ली बापाच्या उशाखाली आणि बाप झोपलेला. उठवलं नाही. गिऱ्हाईक गेलं. आता तुमच्या-माझ्या घरात बाप स्वतःच म्हणाला असता, अरे गाढवा उठवायचं की! पण मुद्दा तो नाही, झोपमोड करायची की नाही हे त्याने नफ्याकडे बघून ठरवलं नाही.

थकव्याचं शेवटी. रामबाम, म्हणजे बाराव्या शतकातला मायमोनिडीझ, धर्माचा पंडित आणि पेशाने वैद्य, त्याने लिहून ठेवलंय की आईबापांचं मन ठिकाणावर राहिलं नाही आणि मुलाला अगदीच झेपेनासं झालं, तर त्याने दुसऱ्यांना त्यांची नीट काळजी घ्यायला सांगावं आणि स्वतः बाजूला व्हावं, चालतं. तुमची वेळ तिथवर आलेली नाही, पण दिवसाची एक बाई ठेवणं हे पाप तर अजिबातच नाही. आणि तिचा पगार? आईच्या पेन्शनमधून.

प्रश्न: योम किप्पूरला ज्यू लोक एकमेकांची माफी मागतात असं वाचलं. आमच्याकडे जैन शेजारी संवत्सरीला मिच्छामि दुक्कडम् म्हणतात, मलाही ते आवडतं, मी वर्षातून एकदा सगळ्या कॉन्टॅक्ट्सना माफीचा मेसेज फॉरवर्ड करते. हेच ना? (ठाणे)

उत्तर: फॉरवर्ड नाही चालणार, सॉरी. मिश्नामध्ये, म्हणजे रब्बींच्या जुन्या नियमसंग्रहात, स्वच्छ म्हटलंय की माणूस आणि देव यांच्यातल्या अपराधांची क्षमा योम किप्पूरला, म्हणजे प्रायश्चित्ताच्या दिवशी, होते, पण माणसा-माणसातल्या अपराधांची होत नाही, ज्याला दुखावलं त्याची समजूत काढेपर्यंत नाही. म्हणजे 25 तास निर्जळी उपास करा, सिनेगॉगमध्ये दिवसभर उभे राहा, पण जावेचे घेतलेले पाच हजार दिले नसतील तर ते खातं उघडंच. आधी पैसे परत, मग माफी, हा क्रम आहे. ज्याची माफी मागायची त्याच्याकडे स्वतः जायचं आणि काय केलं ते नाव घेऊन सांगायचं, "कळत-नकळत काही चुकलं असेल तर" नाही. समोरच्याने नाही म्हटलं तर तिघांना सोबत घेऊन जायचं, पुन्हा नाही तर पुन्हा, असं तीनदा. तरी ऐकलं नाही तर सोडून द्यायचं, आता दोष त्याचा. ही तीनदाची मर्यादा मला फार शहाणपणाची वाटते. नाहीतर काही माणसं समोरच्याला वर्षानुवर्षं नाक घासायला लावतात आणि त्यातच त्यांना गोडी वाटते.

आमच्या कोकणातल्या जुन्या लोकांत या दिवसाला दारफाळणीचा सण म्हणायचे, दारं लावून घरात बसायचं, पांढरे कपडे, कुणाला शिवायचं नाही. आणि दुसऱ्या दिवशी शिळा सण, तेव्हा गोरगरिबांना द्यायचं आणि भेटीगाठी घ्यायच्या. तुम्ही तुमच्या दोनशे कॉन्टॅक्ट्सपैकी खरोखर ज्यांना दुखावलंय असे दोनच काढा आणि त्यांच्या घरी जा. बाकी एकशे अठ्ठ्याण्णव लोकांना तुमच्या मेसेजची गरज नाहीये.

प्रश्न: बायबलात सातव्या वर्षी शेत पडीक ठेवायला सांगितलंय असं ऐकलं. आम्हा ऊसवाल्यांना हे कसं परवडणार? (सांगली)

उत्तर: नाहीच परवडणार, आणि त्यांनाही सोपं गेलं नाही. शमिता म्हणतात त्याला, लेवीयच्या पंचविसाव्या अध्यायात आहे, सहा वर्षं पेर, सातव्या वर्षी जमिनीला विसावा. हा नियम इस्राएलच्या भूमीपुरताच आहे, सांगलीला लागू नाही, आमच्या अलिबागच्या भाताच्या खाचरांनाही कधी नव्हता. इस्राएलमध्ये मात्र आजही पाळतात, मागचं शमिता वर्ष 2021-22चं होतं, त्यात काही शेतकरी खरंच शेत सोडतात, काही जण वर्षापुरती जमीन बिगरज्यूच्या नावावर विकून शेती चालू ठेवतात आणि यावरून तिथे दर वेळी भांडणं होतात. याच सातव्या वर्षी कर्जंही माफ करायची असा नियम अनुवादमध्ये आहे. झालं काय, सातवं वर्ष जवळ आलं की कुणी गरिबाला उसनंच देईना! तेव्हा हिल्लेल नावाच्या रब्बींनी पळवाट काढली, कर्जाचे कागद कोर्टाकडे सोपवायचे म्हणजे ते बुडत नाहीत. कर्जमाफीचं राजकारण बघून बघून तुम्हाला हे काही नवीन वाटणार नाही.

तुमच्या उपयोगाचं मला विचाराल तर दुसरंच आहे. अनुवादच्या पंचविसाव्या अध्यायात एकच ओळ, मळणी करणाऱ्या बैलाला मुसकं बांधू नको. खळ्यावर पात धरलेली, मधे तिवडा, बैल गोल गोल फिरतायत, पायाखाली कणसं, तोंडाशी दाणे, आणि तोंडाला मुसकं. तोरा म्हणते काढ ते. खाईल दोन घास, खाऊ दे. आता मळणीयंत्रं आली, बैल गेले, पण माणसं आहेत ना. रब्बींनी बैलाबरोबर मजुराचाही विचार केला, द्राक्षाच्या मळ्यात राबणाऱ्याने काम करताना पोटभर द्राक्षं खावीत, टोपलीत भरून घरी मात्र नेऊ नयेत, मालकाचंही राखलं आणि मजुराचंही. आपल्या घरी पोळ्या करायला येणाऱ्या बाईंनी कालचीच पोळी खायची आणि ताजी आपण, हे मुसकं नाहीतर काय आहे? आणि मजुरी त्याच दिवशी, सूर्य मावळायच्या आत, कारण त्याचा जीव तिच्यात अडकलेला असतो, हेही तिथेच मागच्या अध्यायात आहे. ऊसतोडीच्या टोळ्यांचे हिशोब किती किती लांबतात ते तुम्ही माझ्यापेक्षा जास्त जाणता.

प्रश्न: माझा मुलगा सात वर्षांचा, दिवसभर प्रश्न विचारून डोकं खातो. पेसाहच्या रात्री मुलांना प्रश्न विचारायलाच लावतात हे खरं का? (मुंबई)

उत्तर: खरं, आणि नुसतं लावत नाहीत, प्रश्न आल्याशिवाय गोष्ट पुढेच सरकत नाही. पेसाह म्हणजे इजिप्तच्या गुलामीतून सुटल्याचा सण, त्या रात्री ताटात बिनखमिराची मात्सा, कडू पाला, खजुराचं गोड हारोसेत, सगळं नेहमीपेक्षा वेगळं मांडलेलं असतं, ते मुलाने चक्रावून विचारावं म्हणूनच. घरातला सगळ्यात धाकटा विचारतो, आजची रात्र बाकीच्या रात्रींपेक्षा वेगळी का? घरात मूल नसेल तर बायको विचारते, एकटाच माणूस असेल तर स्वतःच स्वतःला विचारतो. आणि दोन मोठे पंडित बसले असतील, दोघांनाही सगळं तोंडपाठ, तरी एकाने दुसऱ्याला विचारायचंच.

त्या रात्री चार मुलांचीही गोष्ट असते, एक हुशार, एक वाकड्यात शिरणारा, एक भोळा आणि एक ज्याला विचारताच येत नाही. या चौथ्यासाठी सांगितलंय की तू स्वतःहून त्याच्याशी बोलायला सुरुवात कर. तुमचा मुलगा विचारतोय यात आनंद माना, पंधराव्या वर्षी दार लावून बसेल तेव्हा त्याचा एक प्रश्न ऐकायला तरसाल. सगळ्यांची उत्तरं द्यायला हवीत असं काही नाही, "तुला काय वाटतं" हेही उत्तरच. रोज जेवताना एक प्रश्न असा नेम करा, बाकीचे उद्यावर ढकला.

प्रश्न: हनुक्का तोरात कुठल्या पुस्तकात आहे? मला सापडला नाही. (कोल्हापूर)

उत्तर: सापडणार नाही, हा दिव्यांचा सण तोरात नाहीच, फार नंतरचा आहे. आमच्या पूर्वजांनाही माहीत नव्हता, ते त्याच्या आधीच निघाले असं आमच्यात सांगतात, नंतर बाहेरच्या ज्यूंशी संबंध आला तेव्हा सुरू झाला. त्यातलं एकच सांगते. आठ दिवस दिवे लावायचे, कसे? रब्बींचे दोन पंथ होते, शम्मायचा आणि हिल्लेलचा. शम्मायचे म्हणाले पहिल्या दिवशी आठ आणि रोज एक कमी. हिल्लेलचे म्हणाले पहिल्या दिवशी एक आणि रोज एक वाढवायचा. हिल्लेलचं चाललं. एक जानेवारीला जिमची वर्षाची फी भरणारे सगळे शम्मायचे चेले.

प्रश्न: दिवाळीला ऑफिसात आणि नातेवाइकांत गिफ्ट हॅम्पर देऊन कंटाळा आलाय, ज्यू सणांत असं काही असतं का? (नवी मुंबई)

उत्तर: असतं ना, पुरीमला. एस्तेर राणीची गोष्ट वाचायची, मेजवानी करायची, आणि एका तरी स्नेह्याला खायचे दोन पदार्थ पाठवायचे, तयार, लगेच तोंडात टाकता येतील असे. पण त्याच दिवशी कमीत कमी दोन गरजू माणसांना दान, हेही तितकंच सक्तीचं, दान घेऊन जगणाऱ्यालासुद्धा ते द्यावं लागतं. रामबामने लिहिलंय की मेजवानी आणि मित्रांच्या डब्यांपेक्षा गरिबांच्या वाट्याला जास्त खर्च करावा. तुमच्या हॅम्परच्या यादीतली शेवटची पाच नावं बघा, ज्यांना तुम्ही फक्त त्यांनी गेल्या वर्षी दिलं म्हणून देता. तेवढे पैसे वॉचमन आणि सफाईवाल्यांना द्या, रोख, काजूकतली नको.

प्रश्न: सोसायटीत शेजाऱ्याशी पार्किंगवरून दोन वर्षं बोलणं बंद आहे. परवा त्याची गाडी गेटवर बंद पडली, सगळे धक्का मारत होते, मी बघत उभा राहिलो. बायको म्हणते चुकलास. (डोंबिवली)

उत्तर: वहिनींचं बरोबर आहे. निर्गमच्या तेविसाव्या अध्यायात तुमचीच केस आहे, फक्त गाडीच्या जागी गाढव. तुझा द्वेष करणाऱ्याचं गाढव ओझ्याखाली बसलेलं दिसलं तर निघून जाऊ नको, त्याला हात दे. रब्बी तर आणखी पुढे गेले. समजा रस्त्यात दोघं भेटले, मित्राच्या गाढवावरचं ओझं उतरवायचंय आणि वैऱ्याच्या गाढवावर चढवायचंय. एरवी उतरवणं आधी, कारण जनावराला त्रास होत असतो. पण इथे वैऱ्याकडे आधी जायचं, आपला पीळ मोडावा म्हणून. लक्षात घ्या, त्याच्याशी मैत्री कर असं कुठेही म्हटलेलं नाही, पार्किंगचा हक्क सोड असंही नाही. गाढव उठलं की तुमचं भांडण तुम्ही खुशाल पुढे चालू ठेवा, सेक्रेटरीकडे अर्ज करा, पण धक्का मारा. "तू एकटाच ओढ, मी बसतो" असं गाढवाच्या मालकाने म्हटलं तर मदत करायची गरज नाही, हीही सोय ठेवलीय. तेव्हा पुढच्या वेळी तोही धक्का मारत असेल तरच.

प्रश्न: अलिबागला राहते, शेजारच्या बेने इस्राएल काकूंनी मलिद्याला बोलावलंय. आम्ही हिंदू, शाकाहारी. गेलेलं चालेल का, काय न्यायचं, कसं वागायचं? (अलिबाग)

उत्तर: अगं जा की! बोलावलंय म्हणजे चालतं. मलिदा हा एलियाहू हानाबींच्या, म्हणजे एलिया संदेष्ट्याच्या, नावाने करतात, नवस फेडायला, लग्नाआधी, नवीन घर घेतल्यावर, तू बी शवात म्हणजे झाडांच्या नववर्षालाही, तेव्हा तुमच्याजवळच्या खंडाळ्याला (घाटातलं नव्हे, अलिबागजवळचं) लोक मुंबई-ठाण्याहून येतात, तिथल्या खडकावर एलियाहूंच्या रथाच्या चाकांची खूण आहे असं मानतात. ताटात भिजवलेले पोहे, गूळ, ओलं खोबरं, सुका मेवा, वर फळं लावलेली आणि सुवासाला गुलाबाच्या पाकळ्या किंवा सब्जा. तेव्हा शाकाहाराची काळजी सोड, नंतर जेवणात मटण असलं तर काकूंना आधीच सांगून ठेव, वाईट वाटून घेणार नाहीत.

आत गेल्यावर डोकं ओढणीने झाक, पुरुष टोपी घालतात, नवऱ्याला रुमाल दे. प्रार्थना हिब्रूत होईल, मधे "एलियाहू हानाबी" असा धावा येतो तो सगळे मिळून म्हणतात, तूही म्हण हवं तर. ताट समोर आलं की लगेच हात घालू नकोस, झाडाच्या फळाचा आशीर्वाद वेगळा, जमिनीत येणाऱ्याचा वेगळा, सुवासाचाही वेगळा, एकेक म्हणून होईपर्यंत थांबायचं, लहान मुलंसुद्धा केळ्याकडे डोळे लावून थांबतात. न्यायचं म्हणशील तर फळं ने, पाच प्रकारची नेलीस तर काकू खूश होतील. मिठाईच्या दुकानातलं काही नको, त्यांना कोशेरचं, म्हणजे खाण्याच्या धर्मनियमांचं, बघावं लागतं, उगाच पंचाईत. आणि घरी न्यायला द्रोणात मलिदा बांधून देतील, तो संध्याकाळच्या आत संपव, ओलं खोबरं असतं, टिकत नाही.